‘काही नाही, घरगुतीच लावलं होतं’

गेल्या महिन्यात रात्री अकरा वाजता वहिनीचा व्हॉइस मेसेज आला. पाच महिन्यांच्या बाळाचे गाल लालभडक झालेत, कानामागे आणि कोपराच्या घडीत पाणी सुटतंय, झोपेतही गाल गादीला घासतोय. डॉक्टरांनी इसब आहे म्हणून सांगितलंय, मलम दिलंय. पण वहिनीचा प्रश्न मलमाबद्दल नव्हताच.

“अगं, आई म्हणतायत, एवढ्याशा जिवाला मलमं-बिलमं नकोत. डाळीचं पीठ आणि साय लाव, वर बदाम उगाळून लाव. फॅमिली ग्रुपवरही सगळ्यांनी रील्स टाकलेत. लावू का? घरगुतीच आहे, त्यानं काय होणारे?”

यातली आई म्हणजे माझीच आई. आणि ‘त्यानं काय होणारे’ हे वाक्यही माझंच. सहा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका पीजीच्या बाथरूममध्ये, आरशासमोर उभं राहून, मी ते स्वतःला ऐकवलं होतं.

तेव्हा मावसबहिणीची हळद दोन आठवड्यांवर आली होती. मला लहानपणापासून इसबाचा त्रास. पापण्या, मान, कोपराच्या घड्या, ऋतू बदलला की सगळं पेटतं. फोटोत मान काळी दिसू नये एवढीच इच्छा होती. रीलमधली मुलगी सांगत होती, ‘सेन्सिटिव्ह स्किनसाठी शंभर टक्के नॅचरल’: बेसन, दही, चिमूटभर हळद आणि अर्धं लिंबू. सुकेपर्यंत ठेवा. रोज लावा. मी चार दिवस लावलं. पहिल्या दिवसापासून चुरचुरत होतं. रीलखाली कुणीतरी लिहिलं होतं की चुरचुरतं म्हणजे काम करतंय. पाचव्या दिवशी घाईत अर्धवट धुतलं आणि भर एप्रिलच्या दुपारी स्कूटरवरून कॉलेजला गेले. दुसऱ्या दिवशी मानेवर आणि जबड्याच्या कडेला फोड आले.

डॉक्टरांनी विचारलं, “काय लावलं होतंस?”

मी म्हटलं, “काही नाही, घरगुतीच.”

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “ते ‘काही नाही’ मला सविस्तर सांग.”

फोड आठवडाभरात गेले. त्यांचे काळे डाग जायला आठ महिने लागले. बहिणीच्या हळदीला मी ओढणी गळ्याभोवती गुंडाळून बसले होते.

मी डॉक्टर नाही. बिघडलेल्या त्वचेत अठ्ठावीस वर्षं राहिलेली बाई आहे, आणि त्यामुळे या विषयावर वाचत आले आहे. या लेखात मला एकाच वाक्याशी भांडायचं आहे. ते वाक्य असं: ‘जे पोटात चालतं ते त्वचेला चालतंच.’ घरगुती सौंदर्याचा सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे. ते वाक्य खोटं आहे, आणि ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांच्या बाबतीत तर ते उलटं आहे.

हे खोटं असल्याचं कळायला प्रयोगशाळा लागत नाही, स्वयंपाकघर पुरतं. आमचं घर वेंगुर्ल्याकडचं. आमच्याकडे अळूचं फदफदं करताना हाताला तेल लावतात, आणि अळूत चिंच किंवा कोकम पडल्याशिवाय ते पानात येत नाही. अळूत आणि सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात, त्या टोचतात. आजीला कॅल्शियम ऑक्झलेट माहीत नव्हतं, पण अळू खाजतं हे माहीत होतं. मिरच्या चिरलेला हात डोळ्याला लावायचा नाही हे तर तीन वर्षांच्या पोरालाही कळतं.

त्याहून चांगलं उदाहरण काजूचं. काजूगर आपण मूठभर खातो. त्याच बीच्या टरफलातलं तेल कातडीला लागलं तर ती भाजल्यासारखी सोलून निघते. आमच्या शेजारची काकी काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. हातांना आधी तेल, वर राख. तरी तिची बोटं कायम काळवंडलेली असायची. “गर गोड, पण साल भाजता हां,” असं ती आम्हा पोरांना बजावायची. बिब्ब्याचं तेच. गोडंबी लाडवात घालतात आणि बिब्बा अंगावर उततो. एकच फळ. एक भाग खायचा, दुसऱ्याला हात लावताना दहादा विचार करायचा. आंबाही याच कुळातला, आणि त्याचा चीक तोंडाला लागला की काय होतं हे कोकणातल्या कुठल्याही पोराला विचारा.

म्हणजे ‘नैसर्गिक ते निरुपद्रवी’ हे आजीचं तत्त्वज्ञान कधीच नव्हतं. तिचं ज्ञान मुख्यतः सावधगिरीचं होतं: कशाला काय लावायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, कधी थांबायचं. रील्सनी तिच्याकडून सामानाची यादी घेतली आणि सावधगिरी तेवढी गाळली. यादी तीस सेकंदांत बसते, सावधगिरी बसत नाही.

आता माझ्या मानेकडे येते.

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, साधारण पाचच्या आसपास पीएच. लिंबाच्या रसाचा पीएच दोन ते तीनच्या मध्ये. शाळेत शिकलेलं आठवत असेल, तर या मोजपट्टीवर एक आकडा खाली म्हणजे दहापट आम्ल. पाचवरून दोनवर म्हणजे हजारपट. ‘लिंबू जास्त आंबट वाटलं तर चिमूटभर खायचा सोडा टाका’ असा सल्लाही मी पाहिला आहे. सोड्याचं पाणी आठच्या पुढे जातं. म्हणजे आधी एका टोकाला ओढायचं, मग दुसऱ्या.

पण माझे फोड नुसत्या आम्लाचे नव्हते. आपल्याकडच्या कागदी लिंबात फ्युरोकुमारिन गटातली द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं, की उन्हातल्या अतिनील किरणांमुळे ती पेशींना जाळतात. लिंबाचा रस अंगावर सांडून उन्हात बसलेल्यांना असे फोड येतात, ओघळाच्या आकाराचे. डॉक्टरांना त्याचं मोठं थोरलं नाव माहीत आहे. रीलमधल्या मुलीला त्याची कल्पनाही नव्हती, आणि मला त्याहून नव्हती.

आणि इथे आपल्या रंगाचा प्रश्न येतो. गव्हाळ, सावळ्या आणि काळ्या त्वचेला दाह झाला, की तिथे रंगद्रव्य जास्त तयार होतं आणि डाग मागे राहतो. म्हणजे ‘उजळ’ होण्यासाठी लावलेलं लिंबू डाग पाडतं, आणि तो डाग घालवायला मुलगी पुन्हा लिंबूच लावते. मीही लावलं असतं, डॉक्टरांनी दम दिला म्हणून वाचले. नाजूक त्वचेसाठीच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पाककृती एकदा नीट ऐका. खाज थांबेल, जळजळ कमी होईल, हे ओझरतं येतं. ‘ग्लो’ आणि ‘टॅन’ दर वाक्यात येतात. त्या पाककृती आजारासाठी नाहीत, गोरेपणासाठी आहेत. नाजूक त्वचा हे नुसतं गिऱ्हाईक.

लिंबू हा सरळसोट खलनायक आहे, त्याच्याशी भांडणं सोपं. अवघड आहे ते साय, बेसन, बदाम या सज्जन मंडळींशी. वहिनीचा प्रश्न त्यांच्याबद्दल होता.

त्वचेचा वरचा थर चिऱ्याच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे चिरे, आणि त्यांच्यामधली चरबी म्हणजे दर्जा भरलेला चुना. इसबात तो चुना झडलेला असतो. काहींच्या बाबतीत हे जन्मजात असतं. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला दोष आणि इसब यांचा संबंध २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी दाखवून दिला. अशा भिंतीतून आतलं पाणी बाहेर जातं आणि बाहेरचं आत येतं. ‘सेन्सिटिव्ह स्किन’ या गोड शब्दामागची स्थिती बऱ्याचदा ही असते.

आता या फटींमधून अन्न आत गेलं तर?

आपलं शरीर अन्नाशी ओळख करून घेतं ती प्रामुख्यानं तोंडावाटे, आतड्यात. तिथली प्रतिकारयंत्रणा नव्या पदार्थाला सहसा पाहुणा मानते. त्वचेखालची यंत्रणा पहारेकरी आहे. फुटक्या भिंतीतून आत आलेल्याला ती चोर समजते, आणि त्याचा चेहरा लक्षात ठेवते. पुढे तोच पदार्थ ताटात आला तरी ओरडते. लंडनचे बालरोगतज्ज्ञ गिडियन लॅक यांनी ही शक्यता मांडली. २००३ मध्ये त्यांच्या गटानं दाखवलं, की शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांना तान्हेपणी पुरळावर शेंगदाणा तेल असलेली क्रीम लावली गेल्याचं प्रमाण जास्त होतं. मग २०१५ मध्ये त्यांचा मोठा अभ्यास आला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं. अर्ध्यांना लहान वयातच शेंगदाण्याचे पदार्थ खायला दिले, अर्ध्यांना पूर्ण टाळले. पाच वर्षांची झाली तेव्हा टाळलेल्यांपैकी सुमारे १७ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी होती. खाल्लेल्यांपैकी सुमारे ३ टक्के.

म्हणजे तोंडावाटे ओळख झाली तर मैत्री, फाटक्या कातडीवाटे झाली तर वैर. ‘जे पोटात चालतं ते त्वचेला चालतंच’ या वाक्याच्या बरोबर उलट.

हे फक्त बाळांचं नाही. जपानमध्ये हिरव्या चहाच्या नावाचा, तोंड धुण्याचा एक साबण अतिशय लोकप्रिय होता. त्यात गव्हाचं प्रथिन घातलेलं होतं. रोज त्यानं तोंड धुणाऱ्या बायकांना पुढे पाव किंवा नूडल्स खाल्ल्यावर डोळे सुजणं, श्वास अडकणं असे त्रास सुरू झाले. वर्षानुवर्षं गहू खात आलेल्या धडधाकट बायका. २०११ मध्ये तो साबण बाजारातून परत घ्यावा लागला, आणि निदान झालेल्यांचा आकडा दोन हजारांच्या वर गेला. प्रामाणिकपणे सांगायला हवं, की ते प्रथिन कारखान्यात तोडून बारीक केलेलं होतं. आपली कणीक म्हणजे ते नव्हे. कणकेचा लेप लावणाऱ्या प्रत्येकीला पोळी सोडावी लागेल असं मी म्हणत नाही. पण कातडीवाटे अन्नाशी वैर जुळू शकतं याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

म्हणून वहिनीला मी लगेच फोन केला आणि सांगितलं, बदाम नको, साय नको, बेसन नको. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल तर अजिबात नको. ॲलर्जी होते ती प्रथिनांची, आणि न गाळलेल्या तेलात त्यांचा अंश राहू शकतो.

फोन आईनं घेतला. “तुला लहानपणी मी तेच लावलं होतं. म्हणजे मी तुझं वाटोळं केलं म्हणायचं का?”

या वादात खरं दुखतं ते इथे. घरगुती उपायावर बोट ठेवलं, की ते तो करणाऱ्या हातावर पडतं. आणि तो हात बहुतेक वेळा आईचा असतो. मी तिला सांगितलं ते इथेही सांगते. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००० साली ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नका असा सल्ला दिला होता, आणि २००८ मध्ये तो मागे घेतला. मोठमोठे डॉक्टर चुकले आणि त्यांनी चूक सुधारली. आईला सुधारायची मुभा नाही, असं थोडंच आहे?

राहता राहिली परंपरा. उटणं आमच्याकडेही लागतं. पण कसं लागतं ते आठवा. नरकचतुर्दशीच्या पहाटे आधी अंगाला भरपूर तेल, मग उटणं चोळायचं आणि लगेच ऊन पाण्यानं धुऊन टाकायचं. तेलाचा थर मध्ये, दोन-चार मिनिटांचा संपर्क, तोही धडधाकट कातडीवर. आजची पद्धत म्हणजे कोरड्या, चिडलेल्या चेहऱ्यावर तोच लेप अर्धा तास तडतडेपर्यंत, रोज, आणि मग तो खरवडून काढायचा. याला परंपरा म्हणणं हा परंपरेचाही अपमान आहे.

आणि बाटल्या भरून ठेवण्याची नवी टूम. कोरफडीचा गर, गुलाबपाणी, काकडीचा रस एकत्र करून फ्रीजमध्ये पंधरा दिवस. खोबऱ्याची चटणी दुसऱ्या दिवशी आंबली तर आपण वास घेऊन टाकून देतो. मग या बाटलीत काय वाढत असेल? तिच्यात पाणी आहे, साखर आहे, आणि टिकवणारं काहीच नाही. कोरफडीच्या सालीलगतचा पिवळा चीक स्वतःच कातडीला झोंबतो. आणि हळद? कुंकू-हळदीच्या कपाळावर इसब उठलेल्या बायका त्वचारोगतज्ज्ञांना नवीन नाहीत.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. लोक स्वयंपाकघराकडे वळतात ते मूर्ख म्हणून नाही. बाजारानं त्यांना पोळलेलं असतं. औषधांच्या दुकानात वर्षानुवर्षं स्टेरॉइडची मलमं गोरेपणाची क्रीम म्हणून विकली गेली. चेहरे लाल, पातळ, लवयुक्त झाले. शेवटी २०१८ मध्ये सरकारला अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई करावी लागली. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरममध्ये गोरेपणाची क्रीम लावणाऱ्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचं समोर आलं, त्या क्रीममध्ये पारा होता. ‘नॅचरल’ आणि ‘डर्मा’ हे शब्द कंपन्या हव्या तशा छापतात. शिवाय त्वचारोगतज्ज्ञाची एक फी म्हणजे पीजीतल्या मुलीचा आठवड्याचा डबा. बेसन घरात असतं, आणि त्यासाठी कुणापुढे पदर पसरावा लागत नाही.

हे सगळं मान्य. पण बाजार लबाड आहे म्हणून डबा आपोआप साधू ठरत नाही. आणि स्वस्तच हवं असेल, तर सगळ्यात स्वस्त वस्तू त्या रील्समध्ये नसते. ती पांढरी, बिनवासाची, कंटाळवाणी पेट्रोलियम जेली. खनिज तेलापासून होते, म्हणून सगळ्यांच्या तोंडी ‘केमिकल’. ॲलर्जी कशाची आहे हे तपासायला पाठीवर पट्ट्या लावतात, ती पद्धत १८९५ पासूनची. आजही त्या चाचणीत संशयित पदार्थ मिसळायला बहुतेकदा हीच जेली वापरतात, कारण तिची स्वतःची प्रतिक्रिया अगदी क्वचित उमटते. निसर्गाच्या नावानं शपथ घेणाऱ्या सगळ्या लेपांपेक्षा ती माझ्या कातडीशी जास्त सभ्य वागली आहे.

स्वयंपाकघरातलं काहीच चालत नाही असंही नाही. इसब असलेल्या ११७ मुलांवर फिलिपिन्समध्ये आठ आठवडे चाचणी झाली, त्यात व्हर्जिन खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. खोबऱ्याची ॲलर्जी तुलनेनं विरळ. बारीक दळलेले ओट्स कोमट पाण्यात घालून आंघोळ केली तर मोठ्यांची खाज शमते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ते त्वचारक्षक म्हणून मान्य केलेत. पण इसब असलेल्या तान्ह्यांना मी तेही विचारल्याशिवाय लावणार नाही, कारण ओट्स हेही अन्नच. आणि काहीही नवं आणलं, तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस. लाल झालं, खाजलं, की बंद. चुरचुरतं म्हणजे काम करतंय, हे वाक्य ज्यानं शोधलं त्याला एकदा माझी मान द्यायला हवी होती.

बाळाला डॉक्टरांचंच मलम लावलं, त्यांनी सांगितलं तेवढे दिवस. आंघोळ कोमट पाण्यानं, थोडक्यात. अंग ओलसर असतानाच जेली, आणि ती चोळायचं काम आईकडे. ती सुरुवातीला चार दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. मग एका संध्याकाळी तिनं बाळाच्या गालाचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. गाल अजून खरखरीत दिसत होता, पण पाणी सुटणं थांबलं होतं. शेंगदाणे त्याला कधी आणि कसे द्यायचे, हे वहिनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारणार आहे.

तुमच्याकडून मला एवढंच हवं आहे. उद्या तुमची त्वचा चिडली आणि समोरच्या डॉक्टरनं विचारलं, काय लावलंत, तर ‘काही नाही’ म्हणू नका. बेसन म्हणा. दही, लिंबू, हळद म्हणा. किती वेळ, किती दिवस, त्यानंतर उन्हात गेलात का, सगळं सांगा. मी ते पहिल्या मिनिटाला सांगितलं नव्हतं.